घरच्या कंप्युटरवर पोर्ट उघडायचंय? आधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं

मुलाला मित्रांबरोबर माइनक्राफ्ट खेळायचंय आणि घरचा सर्व्हर काही जोडत नाहीये. किंवा दुकानातल्या कंप्युटरवरचं टॅली रात्री घरून बघायचंय. अशा वेळी बहुतेक घरांत ठरलेला घोळ होतो. आधी विंडोजची फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) सरसकट बंद केली जाते. तरी जमलं नाही तर राउटरमध्ये डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच कंप्युटरकडे पाठवणारी सोय) चालू होतं. मग कशाने तरी काम होतं आणि सगळं तसंच राहून जातं. नेमकं कशाने काम झालं हे माहीत नसल्यामुळे पुन्हा बंद करायलाही कोणी धजत नाही.

पोर्ट म्हणजे जोडणीसाठी कंप्युटरवर असलेलं आकडा दिलेलं दार, आणि त्या दारावर जोडणीची वाट बघणारा प्रोग्रॅम तिथे ऐकतो असं म्हणतात. घरच्या कंप्युटरवर पोर्ट उघडणं सुरक्षित आहे का, याचं उत्तर पोर्टच्या आकड्यात नाही. उघड्या पोर्टवर कोणताही प्रोग्रॅम ऐकत नसेल, तर तिथून आत येण्यासारखं काही नसतं. प्रोग्रॅम ऐकत असेल, तर दोनच प्रश्न महत्त्वाचे: तो प्रोग्रॅम किती पक्का आहे आणि त्याच्यापर्यंत कोण कोण पोहोचू शकतं? खालचा क्रम या दोन प्रश्नांभोवतीच बांधलाय. उदाहरण माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीच्या सर्व्हरचं घेतलंय. तो टीसीपी २५५६५ या पोर्टवर ऐकतो. (टीसीपी आणि यूडीपी हे माहिती पाठवायचे दोन प्रकार, दोघांचे पोर्ट वेगळे.) पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० वर थोडाफार फरक दिसेल. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. वाढीव सुरक्षा अपडेट मिळत नसतील, तर त्या मशीनवर बाहेरच्या जगासाठी काहीही उघडू नका.

## १. पोर्ट उघडायची गरज आहे का, ते ठरवा

विंडोजची फायरवॉल मुळात बाहेरून येणारी जोडणी अडवते आणि आतून बाहेर जाणारी जाऊ देते. म्हणून ब्राउझर, बँकेचं काम, व्हिडिओ कॉल, मेल, दुसऱ्याच्या सर्व्हरवर खेळायचा गेम यांपैकी कशालाही तुमच्याकडे पोर्ट उघडावं लागत नाही. एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपसुद्धा स्वतः बाहेर जाऊन जोडतात. यातलं काही चालत नसेल तर दोष दुसरीकडे शोधा.

पोर्ट लागतं ते तुमचा कंप्युटर स्वतः सर्व्हर होतो तेव्हा. मग विचारा, येणार कोण?

फक्त घरातले. टीव्हीवर कंप्युटरमधले सिनेमे बघणं, दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून फाइल घेणं. यासाठी कंप्युटरच्या फायरवॉलमध्ये एक नियम पुरतो. राउटरमध्ये काही उघडायचं नाही.

घराबाहेरचे, पण मोजके आणि ओळखीचे. मुलाचे चार मित्र, किंवा दुकानात बसलेले तुम्ही स्वतः. इथे टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन (ओळखीच्या मशीनना जोडणारं खाजगी जाळं) सगळ्यात बरं. टेलस्केलला सहसा राउटरमध्ये काहीच उघडावं लागत नाही आणि वैयक्तिक वापरासाठी त्याची मोफत योजना आहे. वायरगार्डला एक यूडीपी पोर्ट लागतं, पण योग्य चावी नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही.

कोणीही. सार्वजनिक गेम सर्व्हर किंवा वेबसाइट. हे घरच्या, त्यातही कामाच्या फाइल असलेल्या कंप्युटरवर नकोच. भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या.

पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरवर आलेली जोडणी ठरलेल्या कंप्युटरकडे वळवणं) शोधत आलेल्या बहुतेकांची गरज पहिल्या दोन गटांतच बसते. दुसऱ्या गटात असाल आणि सगळ्या मित्रांना व्हीपीएन टाकायला लावणं शक्य असेल, तर टप्पा ५ पर्यंत वाचा आणि राउटरचा टप्पा सोडून द्या (वायरगार्डच्या यूडीपी पोर्टपुरता मात्र तो लागेल). टप्पा ४ मध्ये एवढाच फरक करा की स्कोपमध्ये (नियम कोणत्या पत्त्यांसाठी, ते ठरवणाऱ्या पानावर) व्हीपीएनने दिलेले पत्ते लिहायचे.

### काहीही झालं तरी बाहेर उघडायचे नाहीत असे पोर्ट

- ३३८९, रिमोट डेस्कटॉप. टॅलीसाठी हाच सर्रास उघडला जातो. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर झाली. पासवर्ड माहीत नसतानाही जुन्या विंडोजमध्ये या सेवेतून घुसता येत होतं. मायक्रोसॉफ्टला तेव्हा सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) काढावा लागला. आजही या पोर्टवर पासवर्डचा मारा अखंड चालू असतो. रिमोट डेस्कटॉप हवंच असेल तर व्हीपीएनच्या आतून वापरा.
- ४४५, फाइल शेअरिंग. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस याच वाटेने पसरलं. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले.
- २३ टेलनेट आणि ५९०० व्हीएनसी, दोन्ही दुरून कंप्युटर हाकायच्या सोयी. टेलनेटमध्ये पासवर्डसकट सगळं उघड्यावर जातं. व्हीएनसीत कित्येकदा पासवर्डच नसतो किंवा अगदी तकलादू असतो.
- सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचे पोर्ट. कॅमेरे बसवणारा माणूस जाताना हे उघडून देतो आणि पासवर्ड कारखान्यातलाच राहतो. २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेने) असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला डाइन कंपनीची डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी) पाडली गेली आणि कित्येक मोठ्या साइट बंद पडल्या.

सावधान: "३३८९ ऐवजी ४३३८९ ठेवलं, आता कोणाला कळणार?" हा युक्तिवाद फार ऐकू येतो. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन दाखवलं. चांगल्या वेगाची लाइन असली की एकाच कंप्युटरवरून इंटरनेटवरचे जवळजवळ सगळे आयपीव्ही४ पत्ते एका पोर्टसाठी तासाभराच्या आत तपासून होतात. एका पत्त्यावरचे ६५,५३५ पोर्ट तपासणं तर किरकोळ. आकडा बदलल्याने फुटकळ मारा कमी होतो, सुरक्षा वाढत नाही.

## २. तयारी

ही तयारी टाळली की पुढे तासन् तास वाया जातात.

तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का? राउटरच्या पानावर स्टेटसमध्ये वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. मग ब्राउझरमध्ये स्वतःचा आयपी दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. वेगळे असतील (आणि वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत नसेल), किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमची कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. याला सीजीनॅट म्हणतात. भारतात मोबाइल इंटरनेटवर आणि कित्येक ब्रॉडबँड जोडण्यांवर हेच असतं. अशा वेळी राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरून काही येणार नाही. एकतर कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या, नाहीतर सरळ टेलस्केलकडे वळा.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा घरात दोन राउटर एकामागे एक आहेत: केबलवाल्याने बसवलेला डबा आणि तुम्ही विकत आणलेला वायफाय राउटर. मग फॉरवर्डिंग दोन्हीकडे करावं लागेल, किंवा एकाला ब्रिज मोडमध्ये (तो राउटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देतो) टाकावं लागेल.

फायरवॉल कोणाच्या ताब्यात आहे? विंडोज सिक्युरिटी उघडून "फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन" बघा. क्विक हीलसारखा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल काम करत असू शकते. मग विंडोजमध्ये बनवलेले नियम निरुपयोगी ठरतात. नियम ज्याच्या ताब्यात फायरवॉल आहे त्याच्यातच बनवायचे.

नेटवर्क प्रायव्हेट आहे की पब्लिक? सेटिंग्जमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट", मग चालू जोडणीची प्रॉपर्टीज. घरचं वायफाय प्रायव्हेट ठेवा. कॉलेज, हॉटेल, रेल्वे स्टेशन इथलं नेहमी पब्लिक. हा फरक पुढे फार कामाला येतो.

कंप्युटरचा घरातला पत्ता पक्का करा. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन किंवा ॲड्रेस रिझर्वेशन असं पान असतं. तिथे तुमच्या कंप्युटरला एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. वायफायवर असाल तर विंडोजमधलं "रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस" त्या नेटवर्कपुरतं बंद करा, नाहीतर राउटर कंप्युटरला ओळखणारच नाही. पत्ता राखला नाही तर आठवड्याभराने तो दुसऱ्याच कोणाला मिळतो आणि तुमचं उघडं पोर्ट टीव्हीकडे किंवा कोणाच्या तरी फोनकडे वळतं.

एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहून ठेवा: पोर्ट, टीसीपी की यूडीपी, कशासाठी, कोणत्या तारखेला, कधी बंद करायचं. शेवटच्या टप्प्यात हीच नोंद लागणार आहे.

## ३. आधी प्रोग्रॅम पक्का करा, पोर्ट नंतर

लोक हे नेमकं उलट करतात. आधी पोर्ट उघडतात, गेम चालला की खूश होतात, आणि व्हाइटलिस्ट (आत येऊ द्यायच्या खेळाडूंची यादी) "नंतर बघू" म्हणून राहते. मधल्या काळात सर्व्हर सगळ्या जगाला खुला असतो.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत त्रुटी सापडली. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की त्या कंप्युटरवर हवा तो कोड चालवता येत होता. ज्यांच्या फायरवॉलचे नियम अगदी काटेकोर होते तेही यात सापडू शकत होते, कारण हल्ला परवानगी दिलेल्या पोर्टमधूनच यायचा. १.१८.१ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. म्हणून मी प्रोग्रॅमच्या अपडेटला फायरवॉलपेक्षा वरचं स्थान देतो.

आपल्या उदाहरणात:

- सर्व्हर आणि जावा, दोन्ही ताजे करा. सर्व्हर अधिकृत साइटवरूनच घ्या. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तयार फोल्डर वापरू नका.
- "सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज" फाइलमध्ये "व्हाइट-लिस्ट" ट्रू करा आणि मित्रांची नावं यादीत घाला.
- "ऑनलाइन-मोड" ट्रूच राहू द्या. विकत न घेतलेल्या गेमवाल्या मित्रांसाठी मुलं हे फॉल्स करतात. मग कोणीही कोणाच्याही नावाने आत येऊ शकतो, अगदी सर्व्हरचे सगळे अधिकार असलेल्या तुमच्या मुलाच्या नावानेसुद्धा.
- "आरकॉन" बंद ठेवा. दुरून सर्व्हर हाकायची ती सोय तुम्हाला लागत नाही.
- विंडोजमध्ये एक वेगळं स्टँडर्ड खातं काढून सर्व्हर त्यातून चालवा, ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून नको. उद्या सर्व्हरमधून कोणी घुसलं तरी त्याच्या हाती त्या खात्यापुरतेच अधिकार लागतील.

तपासा: सर्व्हर चालू करा आणि रिसोर्स मॉनिटर उघडा. "नेटवर्क" या टॅबमध्ये सगळ्यात खाली "लिसनिंग पोर्ट्स" असतं. तिथे जावाच्या ओळीत २५५६५ दिसायला हवं. त्याच ओळीतला "ॲड्रेस" हा रकाना नीट वाचा. "अनस्पेसिफाइड" असेल तर प्रोग्रॅम सगळ्या बाजूंनी ऐकतोय. "लूपबॅक" असेल तर तो फक्त स्वतःच्याच कंप्युटरचं ऐकतोय आणि फायरवॉलमध्ये काहीही केलंत तरी दुसरं कोणी जोडू शकणार नाही. दुरुस्ती प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये करायला हवी. शेवटच्या रकान्यात त्या ओळीसाठी फायरवॉलची परवानगी आहे की नाही हेही लिहिलेलं असतं. ही ओळच दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ४. फायरवॉलमध्ये नियम बनवा

आधी जुना कचरा बघा. एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा ऐकायला लागतो तेव्हा विंडोज एक खिडकी दाखवतं. आपल्या उदाहरणात त्या खिडकीवर माइनक्राफ्ट असं नावच नसतं, जावाचं किंवा ओपनजेडीकेचं नाव असतं. मुलगा ते बघून गोंधळतो आणि कॅन्सल दाबतो. त्या एका क्लिकने विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी "ब्लॉक" नियम बनवून ठेवतं, सहसा टीसीपी आणि यूडीपी असे दोन. आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. मग पोर्टचा नियम कितीही अचूक बनवा, उपयोग होत नाही. "सगळं बरोबर केलंय तरी चालत नाही" म्हणणाऱ्यांच्या घरी मला बहुतेक वेळा हेच आढळतं. फायरवॉल बंद केल्यावर गेम चालतो, त्यामुळे बंदच ठेवायची हा चुकीचा धडाही इथेच घेतला जातो.

आता क्रमाने:

१. स्टार्टमध्ये शोधून "विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी" उघडा. डावीकडे "इनबाउंड रूल्स".

२. यादीत जावाच्या नावाचे लाल खूण असलेले नियम शोधा आणि काढून टाका.

३. "न्यू रूल" घेऊन "कस्टम" निवडा. "प्रोग्रॅम" निवडला तर जावावर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सगळे पोर्ट मोकळे होतात. "पोर्ट" निवडला तर त्या पोर्टवर उद्या दुसराच प्रोग्रॅम बसला तरी त्यालाही वाट मिळते. कस्टममध्ये दोन्ही अटी एकत्र लावता येतात: प्रोग्रॅमच्या जागी सर्व्हर ज्या जावातून चालतो त्या फाइलचा पूर्ण पत्ता, प्रोटोकॉल टीसीपी, लोकल पोर्ट २५५६५. रिमोट पोर्ट "ऑल" राहू द्या. समोरच्याचा पोर्ट दर वेळी वेगळा असतो, तिथे २५५६५ लिहिणं ही नेहमीची चूक आहे.

४. स्कोपच्या पानावर "रिमोट आयपी" खाली "दीज आयपी ॲड्रेसेस" निवडून "ॲड" करा आणि तयार यादीतून "लोकल सबनेट" घ्या. बाहेरचे मित्र येणार असले तरी आत्ता हेच ठेवा. (घरात दोन राउटर असतील तर दुसऱ्या राउटरवरची उपकरणं यात बसत नाहीत.)

५. "अलाउ द कनेक्शन".

६. प्रोफाइलच्या पानावर तिन्ही खुणा आधीच केलेल्या असतात आणि लोक नेक्स्ट दाबून पुढे जातात. डोमेन आणि पब्लिकच्या खुणा काढा. फक्त प्रायव्हेट ठेवा. लॅपटॉप उद्या कॅफेत उघडलात तर हा नियम तिथे आपोआप गप्प राहील.

७. नावात कारण आणि तारीख लिहा: "माइनक्राफ्ट, दिवाळी सुट्टी, नोव्हेंबरअखेर काढणे". नुसतं "टेस्ट" नाव दिलेला नियम पुढच्या वर्षी कोणी काढत नाही.

सावधान: जावा अपडेट झाली की फाइलचा पत्ता बदलू शकतो. मग नियम चालेनासा होतो आणि विंडोज पुन्हा तीच खिडकी दाखवतं. कॅन्सल न दाबता नियमातला पत्ता बदला.

मॅकवरची फायरवॉल पोर्टवर नाही, ॲपवर चालते. तिथे त्या ॲपला परवानगी द्यायची. उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) यूएफडब्ल्यू ही फायरवॉल मुळात बंद असते, आणि डॉकर या प्रोग्रॅम चालवायच्या साधनातून उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. घरी डॉकर वापरणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.

## ५. आधी घरातूनच तपासा

दुसऱ्या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.५० हा पत्ता देऊन सर्व्हरला जोडून बघा. (व्हीपीएनचा मार्ग घेतला असेल तर दोन्ही मशीन व्हीपीएनवर ठेवून व्हीपीएनने दिलेला पत्ता द्या.) जोडलं, तर प्रोग्रॅम आणि फायरवॉल दोन्ही बरोबर आहेत. नाही जोडलं, तर राउटरकडे बोट दाखवू नका. जोडणी अजून तिथवर गेलेलीच नाही. ब्लॉक नियम, चुकीचं प्रोफाइल, अँटिव्हायरसची फायरवॉल, गेस्ट वायफाय, या क्रमाने बघा. गेस्ट वायफायवरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

ज्यांची गरज फक्त घरापुरती होती त्यांचं काम इथे झालं.

## ६. राउटर

राउटरमध्ये शिरलात की पहिल्यांदा त्याचाच पासवर्ड बदला. बसवणाऱ्याने "ॲडमिन" ठेवलेला असण्याची शक्यता दाट आहे. रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर बंद करा आणि फर्मवेअरचं अपडेट आहे का बघा.

मग यूपीएनपी. या सोयीमुळे घरातला कोणताही प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता राउटरमध्ये पोर्ट उघडू शकतो. चांगला प्रोग्रॅम ते करतो, तसा व्हायरसही करू शकतो. म्हणून ते बंद ठेवलेलं बरं. बंद केल्यावर प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर काही गेममध्ये व्हॉइस चॅटची अडचण आली, तर तेवढ्यासाठी वेगळा विचार करा. पण आधी यूपीएनपीची चालू यादी वाचून घ्या. कधीच न वापरलेला डीव्हीआर तिथे दोन-तीन पोर्ट उघडून बसलेला दिसू शकतो.

आता फॉरवर्डिंग. राउटरनुसार नाव "पोर्ट फॉरवर्डिंग", "व्हर्च्युअल सर्व्हर" किंवा "पोर्ट मॅपिंग" असतं. बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५, आतला पत्ता १९२.१६८.१.५०, प्रोटोकॉल फक्त टीसीपी. "बोथ" निवडायची गरज नाही. एकच पोर्ट लिहा. "१ ते ६५५३५" अशी रेंज कोणी सुचवली तर ऐकू नका. डीएमझेड तर नाहीच. घरच्या राउटरमधलं डीएमझेड म्हणजे बाहेरून आलेलं, दुसरीकडे वळवलेलं नसलेलं सगळं त्या एका कंप्युटरकडे पाठवणं.

शेवटी फायरवॉलच्या नियमात परत या आणि स्कोप रुंदावा. मित्रांपैकी कोणाकडे स्टॅटिक आयपी असेल तर तेवढाच पत्ता घाला. नसेल तर "एनी आयपी ॲड्रेस" करावं लागेल. याच क्षणी तुमचा सर्व्हर सगळ्या जगाला दिसायला लागतो, म्हणून टप्पा ३ मधली यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला.

## ७. बाहेरून तपासा

घरच्याच वायफायवरून स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जोडून बघू नका. बऱ्याच राउटरना आतून निघून पुन्हा आत वळणारी जोडणी जमत नाही आणि सगळं बरोबर असूनही अपयश दिसतं. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि पोर्ट तपासणाऱ्या साइटवर घरचा पत्ता नि २५५६५ घाला. त्या वेळी सर्व्हर चालू असायलाच हवा. तो बंद असला की सगळे नियम बरोबर असूनही पोर्ट बंदच दिसतं, आणि मग लोक चांगले नियम मोडून ठेवतात.

उत्तर वाचताना: "टाइम आउट" आलं तर जोडणी वाटेत कुठेतरी गिळली जातेय; राउटर, सीजीनॅट किंवा फायरवॉल बघा. "रिफ्यूज्ड" किंवा "क्लोज्ड" आलं तर ती बहुधा पोहोचतेय, पण समोर ऐकायला प्रोग्रॅम नाही. यूडीपीचे पोर्ट अशा साइटवर खात्रीने तपासता येत नाहीत. तिथे प्रत्यक्ष जोडून बघणं हाच मार्ग.

आता आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जिच्याकडे जवळपास कोणीच बघत नाही. यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यामुळे फॉरवर्डिंगचा प्रश्नच येत नाही. अडवणारा असतो तो राउटरमधला आयपीव्ही६ फायरवॉल आणि त्यानंतर तुमची विंडोज फायरवॉल. राउटरमधला बंद असेल, तर स्कोप "एनी" केलेला नियम फॉरवर्डिंग न करताही बाहेरून गाठता येतो. कंप्युटरला २ या आकड्याने सुरू होणारा लांबलचक आयपीव्ही६ पत्ता दिसत असेल, तर राउटरमधला आयपीव्ही६ फायरवॉल चालू असल्याची खात्री करा.

## ८. पहिले काही दिवस लक्ष ठेवा

फायरवॉलच्या त्याच खिडकीत सगळ्यात वरच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, प्रायव्हेट प्रोफाइल, लॉगिंगखाली "कस्टमाइझ". अडवलेल्या आणि यशस्वी, दोन्ही जोडण्यांची नोंद "येस" करा. माइनक्राफ्टचा स्वतःचा लॉगही रोज एकदा वाचा. व्हाइटलिस्टवर अडलेली अनोळखी नावं तिथे दिसतील. त्याने घाबरून जायचं कारण नाही, व्हाइटलिस्ट काम करतेय एवढाच त्याचा अर्थ. अनोळखी नाव आत आलेलं दिसलं तर मात्र लगेच सर्व्हर थांबवा.

सर्व्हर बंद असतानाही कंप्युटर सतत तापतोय, ॲडमिनिस्ट्रेटर गटात नवं खातं दिसतंय, अँटिव्हायरस आपोआप बंद झालाय, असं काही आढळलं तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि बँकेचे नि मेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट काढायची साधनं मोफत मिळतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा.

## ९. बंद करणं, उलट्या क्रमाने

सुट्टी संपली, खेळ थांबला. आधी राउटरमधलं फॉरवर्डिंग काढा, मग फायरवॉलचा नियम, मग सर्व्हर आपोआप चालू होत असेल तर ते थांबवा. फायरवॉलचा नियम नुसता "डिसेबल" केला तर पुढच्या सुट्टीत नव्याने बनवावा लागत नाही. राउटरमधली नोंद मात्र काढूनच टाका.

फॉरवर्डिंग काढल्याबरोबर, सर्व्हर आणि फायरवॉलचा नियम अजून चालू असतानाच, मोबाइल डेटावरून तीच तपासणी पुन्हा करा. अजूनही "ओपन" दिसत असेल तर यूपीएनपी, दुसरा राउटर किंवा विसरलेलं डीएमझेड, या तिघांपैकी एक बहुधा चालू आहे. ते शोधून बंद करा आणि मगच वहीतल्या नोंदीवर काट मारा.